परातीतलं कमळ

आत्याने आणायला सांगितलेला पांढरा भोपळा दोन्ही हातांत धरून गिरीधर कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला, आणि उभाच राहिला. आत काहीही नव्हते. भिंतीवरच्या खुंट्या बोडक्या होत्या. रंधे गेले होते, पटाश्या गेल्या होत्या, लहानमोठ्या करवती गेल्या होत्या, सरस वितळवायचे पितळी भांडेसुद्धा गेले होते. तिरुवल्लिकेणीच्या त्या अरुंद गल्लीतून येणारी तिसऱ्या प्रहराची तिरपी उन्हे खिडकीवाटे आत येऊन रिकाम्या टेबलावर पसरली होती.

सकाळी तो निघाला तेव्हा या टेबलावर कामट्यांचे रान उभे होते. खाली फणसाच्या लाकडाची मोठी, लांबट, उथळ परात. परातीत गिटारची वरची फळी, पापडाइतकी पातळ, पालथी घातलेली. तिच्या पाठीवर सरस लावून बसवलेल्या बारीक पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर बांबूची एक कामटी, वरच्या फळकुटाला टेकून धनुष्यासारखी वाकलेली. सगळ्या कामट्या मिळून फळीला हळूहळू परातीत दाबत राहायच्या, फळी परातीचा बाक घ्यायची, आणि सरस सुकला की तो बाक तिच्या अंगात कायमचा मुरायचा. गिटार दुरून सपाट दिसते. ती सपाट नसते. तारांचा ताण वर्षानुवर्षे छातीवर झेलायचा तर छातीला किंचित फुगवटा लागतो आणि पाठीला त्याहून थोडा अधिक. हे गिरीधरने घरात इतक्या वेळा सांगितले होते की आता सांगताना त्याचा त्यालाच कंटाळा येई.

फळी भिंतीशी टेकवून ठेवलेली होती. तिच्यावरच्या दोन पट्ट्या सुटून खाली पडल्या होत्या, एक वाकडी होऊन अर्धवट चिकटली होती. पुढून, जिथे उद्या रंधा मारलेल्या लाकडाची नुसती झळाळी दिसायला हवी होती, तिथे चंदनाचे एक ओले बोट आणि त्यावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता.

"आत्या," तो म्हणाला. आवाज फारसा चढला नाही. त्याचा आवाज कधी चढतच नसे, आणि घरात कोणी त्याचे ऐकत नसे याचे निम्मे कारण तेच होते.

पूजेच्या खोलीतून सईबाईंचे उत्तर आले. "आणलास भोपळा? हिकडे आण की."

नवरात्रात मांडलेल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांखाली तांबडे कापड अंथरले होते, आणि कारखान्यातले झाडून सारे त्या कापडावर अवतरले होते. रंध्यांना झेंडूची फुले, पटाश्यांना गंध, करवतीच्या दात्यांना हळद. मधोमध ती परात. बाजूला कामट्यांची मोळी, मोगऱ्याच्या गजऱ्याने बांधलेली. सईबाई परातीशी मांडी घालून बसल्या होत्या आणि तांदळाच्या ओल्या पिठाने तिच्या पोटात कोलम काढत होत्या. आठ पाकळ्यांचे कमळ. पाकळ्या परातीच्या काठापर्यंत गेल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा हात इतका स्थिर होता की गिरीधरला रागातही त्याचे कौतुक वाटले, आणि कौतुक वाटल्याचा पुन्हा राग आला.

"आत्या, माझ्या कामट्या का काढल्या?"

"आज सरस्वतीपूजा नव्हे काय? असकी आयुधं मांडायची, उद्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही." सईबाईंच्या तोंडी 'सगळी' हा शब्द कधी आला नाही. तंजावरहून मराठी बोलत आलेल्या घराण्यात सगळे ते 'असके' होते. "रंधे मांडले, पटाश्या मांडल्या, मग बांबूनं काय पाप केलं?"

"ते लावलेलं होतं. त्याच्याखाली काम होतं. सरस ओला होता."

"म्हणून तर हलक्या हातानं काढलं. तुझ्या फळीलाही गंध लावलंय. अंग कोरडं पडलंय बिचारीचं."

"ते कोरडंच असावं लागतं, आत्या. कोरडं असावं म्हणून मी दोन आठवडे थांबलो. आभाळ कोंदलेलं होतं, हवा ओली होती, म्हणून थांबलो. आज सकाळी वारा फिरला म्हणून लावलं. उद्या काढायचं होतं. उद्या काय आहे ते तुला माहीत आहे."

"उद्या विजयादशमी."

"आणखी काय आहे?"

सईबाईंनी सातवी पाकळी पुरी केली. "आणखी काय आहे ते सेतू बोलेल. माझ्या डोक्याशी कसाला भांडतोस? तो भोपळा खाली ठेव, हात भरतील."

तो भोपळा खाली ठेवायचे विसरला.

उद्या काय आहे ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. गिरीधरने तयार केलेल्या पहिल्या गिटारची छाती तारा चढवल्यावर महिन्याभरात बसली. दुसरीची त्याहून लवकर. खोलगट झालेल्या त्या दोन फळ्या कपाटामागे उभ्या होत्या, आणि येताजाता त्यांच्याकडे न बघण्याची सवय त्याने अंगी बाणवली होती. गणेशचतुर्थीला मोदक खाता खाता थोरल्या भावाने, सेतुमाधवने, विषय काढला होता. अप्पांच्या हाताला कंप आल्यापासून वीणा बंद. गिरीची गिटार उभी राहत नाही. गल्लीत डावीकडे मॅन्शन, उजवीकडे मॅन्शन, एकेका खोलीत चार-चार सडेफटिंग नोकरदार. आणि आपली रस्त्यावरची एवढी मोठी खोली भुशासाठी अडवलेली. तेव्हा ठरले की आणखी एक फळी. विजयादशमीला ती परातीतून निघेल, सगळ्यांदेखत तिच्यावर सरळपट्टी ठेवून बघायचे. फुगवटा धरला असेल तर कारखाना गिरीधरचा. नसेल तर तिथे खाटा पडतील. त्या बैठकीत सईबाई सेतुमाधवच्या बाजूने होत्या. त्यांना घरात माणसांचा वावर हवा होता. लाकडाशी बोलणाऱ्या बापलेकांचा त्यांना वीट आला होता.

मागच्या दारी त्याचे वडील, व्यंकोजी, पूजेची घंटा चिंचेने घासत बसले होते. गिरीधर त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अप्पा, आत्याला सांगा. फक्त कामट्या आणि परात. सरस मी दुसऱ्या भांड्यात वितळवतो. आत्ता लावलं तरी उद्या दुपारपर्यंत धरेल."

व्यंकोजींनी घंटेच्या दांड्यावरचा गरुड अंगठ्याने पुसला. अंगठा थरथरत होता, म्हणून त्यांनी तो तिथेच दाबून धरला.

"पूजेला लागलेलं आयुध?"

"हो."

"उद्या," ते म्हणाले, आणि घंटा पाण्यात बुडवली.

त्यांची वाक्ये अशीच असत. चाळीस वर्षे त्यांनी वीणेचे भोपळे एकसंध ओंडक्यातून कोरून काढले होते. जे नको ते काढून टाकायचे आणि उरेल ते ठेवायचे, हीच त्यांची बोलण्याचीही रीत होती. लाकूड पातळ कापायचे, वाकवायचे, चिकटवायचे, हा सारा प्रकार त्यांना कागदी होडीसारखा वाटे. विरोध त्यांनी कधी केला नाही. त्यांनी फक्त कधी काही विचारले नाही.

संध्याकाळी सेतुमाधव आणि प्रमोदिनी नुंगंबाक्कमहून आली. सेतुमाधवने गाडी गल्लीच्या तोंडाशी लावली, गाडीच्या चाकांखाली लिंबे ठेवली, बोनेटवर कुंकू रेखले, आणि हात धुवून थेट कारखान्यात डोकावला.

"काय गिरी, आवरून ठेवलंस वाटतं? बरं केलंस. उद्या तो नटराजन दहाच्या सुमाराला येतोय खोली बघायला."

"मी आवरलं नाही. आत्यानं आवरलं."

"मग फळी?"

गिरीधरने फळी दाखवली. सेतुमाधवने टिळ्याकडे पाहिले, सुटलेल्या पट्ट्यांकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि दुःख दोन्ही एकदमच आली आणि एकमेकांना अडवून बसली. तो वाईट माणूस नव्हता. लहानपणी याच खोलीत भुशाच्या ढिगावर दोघे भाऊ झोपत असत.

"हे बघ," तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही."

"मी तसं म्हटलं का?"

"तू काही म्हणतच नाहीस. तुझं हे असं उभं राहणं मला शिव्यांपेक्षा जास्त लागतं. आत्या, ए आत्या, ह्याची फळी कसाला काढलीस ग?"

"आयुध होतं," आतून आवाज.

"फळी आयुध होय?"

"तू गाडीला कुंकू लावलंस, ते आयुध काय? लढाईला जातोस त्यात बसून?"

प्रमोदिनी चण्याच्या सुंडलची वाटी घेऊन दारात आली होती, ती हसली. ती साताऱ्याची. लग्न होऊन दहा वर्षे झाली तरी या घरातले मराठी तिला अधूनमधून तमिळसारखे वाटे, आणि तिचे मराठी सईबाईंना वर्तमानपत्र वाचल्यासारखे. "अहो, तुम्ही मामंजींना आणायला जा ना बाहेर. एकटेच बसलेत," तिने नवऱ्याला पिटाळले आणि वाटी टेबलावर ठेवली. मग इकडे तिकडे बघत, आवाज उतरवून म्हणाली, "भाऊजी, मी एक स्पष्ट बोलू का?"

"बोला ना वहिनी. आज सगळेच स्पष्ट बोलताहेत."

"ही खोली गेली की मामंजी आमच्याकडे येणार, असं तुमच्या भावानं मनाशी धरलंय. फ्लॅटमधली मागची खोली रंगवूनसुद्धा घेतली. चांगलीच गोष्ट आहे. पण मामंजी तिसऱ्या दिवशी परत येतील. आणि त्या तिसऱ्या दिवसाचं भांडण माझ्या स्वयंपाकघरात होईल." तिने एक चणा तोंडात टाकला. "म्हणून मला ही गिटार व्हायला हवी आहे. संगीताशी माझं काही देणंघेणं नाही."

गिरीधरला त्या दिवसात प्रथमच हसू आले.

"फळी नीट बसली की नाही हे बघता कसं तुम्ही?" तिने विचारले.

साचा पूजेत होता. म्हणून त्याने नुसत्या हातांनी दाखवले. ॲल्युमिनियमच्या पट्टीचा साचा, त्याला नेमका बाक दिलेला. परात टेबलावर भिंतीशी लावलेली असते. तिच्या लांबीवर साचा उभा ठेवायचा, एक डोळा मिटायचा, आणि कडेने पाहायचे. साचा आणि लाकूड यांच्यामध्ये उजेडाची फट दिसली तर बाक चुकला. डोळा मिटून मान तिरकी करताना तो हुबेहूब व्यंकोजींसारखा दिसला. ते वीणेची दांडी अशीच पाहत, खालच्या टोकापासून वरच्या व्यालमुखापर्यंत, लांबीने. त्यांचे वडीलही तशीच पाहत. घराण्याची नजरच ती.

"आणि कधी फट दिसली का?"

"एकदाही नाही. तेच तर कळत नाही, वहिनी. साचा बरोबर, परात बरोबर, पट्ट्या साच्यावर घासलेल्या. तरी छाती बसते. मी तिला रोज सांगतो श्वास धर म्हणून, आणि ती महिन्याभरात सोडून देते."

प्रमोदिनीने त्याच्याकडे जरा पाहिले. "तुम्ही माणसांशी एवढं बोललात तर बरं होईल," ती म्हणाली, आणि रिकामी वाटी घेऊन गेली.

रस्त्यावर कोणीतरी दृष्ट निघावी म्हणून दुकानासमोर भोपळा आपटून फोडला. कुंकवाने लाल झालेल्या फोडी गल्लीभर उडाल्या. आपल्या घरचा भोपळा अजून खिडकीत तसाच आहे हे गिरीधरच्या ध्यानात आले. तो मघाशी त्यानेच तिथे ठेवला होता आणि कुणीही त्याच्याबद्दल पुन्हा विचारले नव्हते.

सकाळी सईबाईंनी देवीला पुन्हा ओवाळले, पायसम दाखवले, आणि रीतीप्रमाणे सगळी आयुधे जागच्या जागी उत्तरेकडे किंचित सरकवली. आता ज्याने त्याने आपापल्या विद्येचा पहिला घास घ्यायचा. प्रमोदिनीने लॅपटॉपवर दोन ओळी टंकल्या. सेतुमाधवने गाडी सुरू करून बंद केली. व्यंकोजींच्या हाती सईबाईंनी त्यांची गोल पटाशी दिली, वीणेचे पोट कोरायची. गेल्या दोन विजयादशमींना ते ती कपाळाला लावून खाली ठेवत आले होते.

"गिरी, तुझं घे," सईबाई म्हणाल्या. त्यांनी परात उचलू दिली नाही. तिथेच, देवीपुढे जमिनीवर, त्याला बसवले. "आणि एक सांगते. कमळ पुसायचं नाही. फडकं लावायचं नाही. काम करता करता जाईल तेवढं जाऊ दे."

"आत्या, पीठ आहे त्यात. परात स्वच्छ नको का?"

"देवीची बैठक आहे ती. ती अस्वच्छ?"

"मी पुसत नाही. नुसती फुंकर मारतो."

"थुंकी उडेल."

"अय्यो," सेतुमाधव मागून म्हणाला, "गिरी, देवाशपथ, ठेव ते कमळ. नटराजन येईपर्यंत तरी हे घर शहाण्यांचं दिसू दे."

गिरीधर बसला. त्याच्या मनात काल दुपारपासून साठलेला त्रागा आता इतका शिळा झाला होता की त्याला कसलीच धार उरली नव्हती. फळी त्याने पहाटेच साफ केली होती. टिळा पात्याने खरवडला, अर्धवट चिकटलेल्या पट्ट्या ओल्या कापडावरून गरम इस्त्री फिरवून सोडवल्या. आज काही होणार नाही हे त्याला माहीत होते. सरस सुकेपर्यंत नटराजन थांबणार नव्हता. तरीही हात घालायचा म्हणून त्याने सगळ्यांत लांब पट्टी घेतली, तिची वक्र कड खाली केली आणि परातीत टेकवली.

पट्टी डुलली.

त्याने बोट काढले, पुन्हा ठेवले. पट्टी पाळण्यासारखी एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला टेकली. त्याने ती उचलून कड वर केली. कडेच्या अगदी मध्यावर तांदळाच्या पिठाचा बोटभर पांढरा ठसा उमटला होता. दोन्ही बाजूंना लाकूड कोरे.

असे होणे शक्य नव्हते. त्याने पट्टी शर्टाला पुसली आणि परात न हलवता स्वतः सरकून, नेहमी बसायचा तशा बाजूने बसून, पुन्हा टेकवली. या वेळी ती निश्चल बसली. उचलली तर कड या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी, पाकळीच्या रेघेसकट.

मग त्याने साचा घेतला. लांबीने ठेवला; फट नाही. रुंदीने ठेवला. परात रोज टेबलावर भिंतीशी असे, त्या बाजूला डोके न्यायला जागा नसे, आणि त्या बाजूने पाहायचे त्याच्या मनात कधी आलेही नव्हते. आज ती देवीपुढे उघड्यावर होती. त्याने गाल जमिनीला टेकवला. साच्याच्या दोन्ही टोकांखालून समईचा उजेड येत होता.

"काय झालं?" सेतुमाधवने विचारले.

"अण्णा, फळी आज होत नाही."

"ते कालच कळलं."

"नाही, तसं नाही. परात चुकली आहे. लांबीनं बरोबर आहे, रुंदीनं सपाट होत आली आहे. ओल्या हवेनं लाकूड रेघांच्या आडव्या अंगानं फुगतं, उभ्या अंगानं फुगत नाही. वरचं तोंड उघडं, खालचं टेबलाला टेकलेलं. वरून फुगली आणि पोट वर आलं. दोन्ही फळ्या मी हिच्यातच दाबल्या. पट्ट्यांचा बाक वेगळा, परातीचा वेगळा. कामट्यांनी जबरदस्तीनं एकत्र धरलं, आणि कामट्या काढल्या की..." त्याने वाक्य सोडून दिले. "मी एकाच बाजूनं पाहत होतो."

व्यंकोजी पुढे झाले, परात उचलून त्यांनी डोळ्याशी धरली, एक डोळा मिटला आणि लांबीने पाहिले.

"नीट आहे," ते म्हणाले.

गिरीधरने बापाच्या हातातली परात धरली आणि चतकोर फिरवली. व्यंकोजींनी मिटलेला डोळा उघडला नव्हता. ते पाहत राहिले. हात थरथरत होते म्हणून परातही थरथरत होती, पण जे दिसायचे ते दिसले असावे, कारण त्यांनी ती फार हळू खाली ठेवली.

"फणस," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "माझा फणस."

शेवटच्या वीणेतून उरलेली ती रुंद फळी त्यांनी दोन वर्षांपूर्वी काही न बोलता गिरीधरच्या टेबलावर आणून ठेवली होती. परातीसाठी प्लायवूडचे थर चिकटवायचे असतात हे गिरीधरला माहीत होते. लाकूड हलत नाही त्यात. पण बापाने दिलेली एकमेव गोष्ट मागे कशी सारायची, म्हणून त्याने एकसंध फणसातच परात कोरली होती. हे त्याने तेव्हाही कुणाला सांगितले नव्हते आणि आताही सांगितले नाही.

सेतुमाधवने कपाळाला हात लावला. "वा. म्हणजे फळ्या बसल्या त्या परातीमुळे, परात बसली ती अप्पांच्या लाकडामुळे, आणि कळलं ते आत्याच्या कोलममुळे. आता मी कुणाला धरू? कालपासून या घरात जो तो बरोबरच आहे." त्याचा मोबाइल वाजू लागला. "नटराजन आला असेल. गिरी, तुझं वाईट वाटतं मला, खरंच. पण ठरलं ते ठरलं."

"ठरलं ते ठरलं," गिरीधर म्हणाला. त्याला वाद घालायचा नव्हता. एवढ्या दिवसांत प्रथमच त्याच्या छातीवरचे काहीतरी उतरले होते: फळीने त्याला फसवले नव्हते.

तेव्हा लाकडावर पोलाद घासल्याचा एक बारीक आवाज आला. व्यंकोजी खाली बसले होते. परात त्यांनी दोन्ही पावलांत धरली होती, वीणेचा ओंडका धरत तशी, आणि गोल पटाशी कमळाच्या गाभ्यावर टेकवली होती. टेकवली होती फक्त. ते बहिणीकडे बघत होते.

"अक्का, कमळ."

सईबाईंनी कमळाकडे पाहिले. आठही पाकळ्या अजून शाबूत होत्या. "काप की," त्या म्हणाल्या. "कसाला बघतोस?"

पहिली साल निघाली. पिवळ्या फणसाची, वरून पांढरी. हात थरथरला, पण पटाशी लाकडात शिरली की कंप लाकूडच पिऊन टाकते हे गिरीधरने त्या क्षणी पाहिले. व्यंकोजींनाही ते बहुधा तेव्हाच कळले असावे.

सेतुमाधवचा फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

"सेतू, त्या माणसाला सांग, आता नको," सईबाई म्हणाल्या. "ह्या दिवशी हात घातलेलं काम पुरं झाल्याशिवाय जागेवरून हलवत नाहीत."

"आत्या, हे काय नवीन?"

"नवीन कसलं? तुझी पाटी ह्याच दिवशी, ह्याच जागी सुरू केली. तांदळात 'श्री' काढून रडत होतास. मधे थांबवली काय तुझी शाळा?"

"पण कालपर्यंत तू माझ्या बाजूला होतीस."

"काल नवमी होती."

सेतुमाधवने बायकोकडे पाहिले. प्रमोदिनी अतिशय मन लावून पायसममधले काजू मोजत होती. त्याने एक लांब सुस्कारा सोडला, फोन कानाला लावला आणि दिंडीदरवाज्याकडे चालत गेला. "नटराजन सार," त्याचा तमिळमधला आवाज हळूहळू दूर गेला, "वीट्टले कोंजम वेलै नडक्कुदु... हो, घरात थोडं काम चालू आहे... कधी संपेल म्हणजे, आता काय सांगू तुम्हाला..."

व्यंकोजींनी चौथी साल काढली आणि थांबले. मग, मान वर न करता, त्यांनी विचारले.

"किती?"

गिरीधरला प्रश्न कळायला क्षणभर वेळ लागला, कारण तो त्याला यापूर्वी कधी विचारलाच गेला नव्हता. तो उठला. बापाच्या शेजारी बसायचा त्याचा विचार होता, पण तिथून पुन्हा लांबीच दिसली असती. म्हणून तो वळसा घालून आडव्या अंगाला गेला, साचा परातीत उभा धरला आणि गाल जमिनीला टेकवला.

"अजून उजेड दिसतो, अप्पा. दोन्ही टोकांना. तो जाईपर्यंत."

"माझ्याकडून दिसत नाही."

"तिकडून दिसणारच नाही. तुम्ही लांबीनं बघा, मी इकडून बघतो."

पटाशी पुन्हा चालू लागली. सईबाई गळून पडणाऱ्या पांढऱ्या साली वेचून ओच्यात घेऊ लागल्या आणि पुटपुटत राहिल्या की एवढा कचरा घरात दुसरं कोणी काढत नाही.

"पाठीला हीच चालेल?" काही वेळाने व्यंकोजींनी विचारले.

"नाही. पाठीचा बाक जास्त असतो. तिला वेगळी परात लागते, अधिक खोल."

व्यंकोजींनी फुंकर मारून भुसा उडवला. सईबाईंना या वेळी थुंकी दिसली नाही.

"मग लाकूड बघू," ते म्हणाले. "फणस नको."